मिटल्या डोळ्यांची मासोळी

परवा आपाच्या शिवणकामाच्या खोलीत पुन्हा मासोळीच्या जेवणाचा विषय निघाला आणि नेहमीसारखा वारावरच अडकला. गुरुवार नाही, तो शेगावच्या महाराजांचा. सोमवार महादेवाचा, शनिवार मारुतीचा. मंगळवारी चतुर्थी येत होती. शुक्रवारी आपाच्या घरी जुम्म्याची गडबड, आणि रविवारी सगळ्यांचे नवरे घरी, म्हणजे आपलं बोलणंच बंद.

"मंग राह्यला बुधवार," वडनेरवाली म्हणाली. "दर टायमाले बुधवारच उरते बापा."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण हसता हसता माझा हात पोटाकडे गेला. पोटात आता काही नाही. जी होती ती अंगणवाडीत जाते, आणि त्या वेळी ती दाराशी बसून चिंध्यांतून बटणं वेचत होती. तरी बुधवार आणि मासा हे दोन शब्द जवळ आले की माझा हात तिकडे जातो. ती पोटात असताना एका बुधवारी जे झालं, ते बरोबर झालं की चुकलं, हे मला अजून कळलेलं नाही. लिहून पाहते. लिहिल्यावर कळेल असंही नाही.

माझं गाव बंगालमध्ये, नदीच्या काठी. शाळा सहावीतच सुटली, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कोणी नव्हतं म्हणून. लग्न झालं आणि नवऱ्यामागे मलकापूरला आले. तो सराफ्यात सोन्याचं बारीक काम करतो. मला तेव्हा मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. वाचायला शिकवलं आमच्या घरमालकिणीने. त्यांना मी काकू म्हणते. शिकवलं म्हणजे काय, त्यांचा चष्मा फुटला होता आणि रोजची पोथी वाचून दाखवायला कोणीतरी हवं होतं. मी दुकानांच्या पाट्यांवरून ओळखलेली अक्षरं जोडत जोडत वाचायचे आणि काकू डोळे मिटून चुका काढायच्या. नवा चष्मा आला तरी त्यांनी मला थांबवलं नाही. "तुह्या तोंडून पोथी गमतीची लागते," म्हणाल्या.

बोलायला शिकवलं आपाने. आपा दोन घरं पलीकडे राहते. पुढच्या खोलीत तिची तीन मशिनं आहेत, आणि त्यातल्या एका मशिनवर तिने मला बसवलं. दुसऱ्या मशिनवर वडनेरवाली. तिला वडनेर भोलजीला दिलेली, घरची कापसाची शेती, पण हात शिवणाचा; म्हणून जमेल तेव्हा गाडीने मलकापूरला येऊन ती आपाकडे ब्लाऊज शिवते. या तिघी नसत्या तर या गावात मी कोणाशी काय बोलले असते, मला सांगता येत नाही. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यात माझीच कुरकुर जास्त दिसेल.

या मुलीच्या आधी माझं एक बाळ सातव्या महिन्यात गेलं. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, अंगात रक्त कमी होतं. आईने फोनवर एवढंच विचारलं, "तुझं साध राहिलंच ना?" तिने दोष दिला नव्हता, सहज विचारलं होतं. पण ते माझ्यात रुतून बसलं. साध म्हणजे तुमचं डोहाळजेवणच. तेव्हा आम्ही नुकतेच आलो होतो, ओळखीचं कोणी नव्हतं, कोण करणार? दवाखान्यातल्या बाईंचं मला पटलं होतं. आईचंही पटलं होतं. माझं असंच होतं, दोन्ही पटतं आणि मग मी मध्ये उभी राहते.

पुढच्या वेळी सातवा महिना लागला तेव्हा मी मशिनवर गप्प गप्प असायचे. वडनेरवालीनेच विषय काढला.

"हिचं डोहाळजेवण करू आपण. हिरवी साडी, फुलाचे दागिने, झोपाळ्यात बसवू. काय खावंसं वाटते वं तुले? सांग, लाजू नको."

"मासा," मी म्हणाले.

मशिनं थांबली. काकू साडीला फॉल लावून घ्यायला आल्या होत्या. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यांच्या घरात कांदासुद्धा मोजक्या दिवशी चिरला जातो.

"डोहाळजेवणात?" वडनेरवाली म्हणाली. "अवं, ते शुभ काम असते!"

"म्हणूनच तर," मी म्हणाले.

इथे मला एक गोष्ट समजवायला सगळी दुपार लागली. आमच्याकडे चांगला दिवस आला की मासा येतो. लग्नात नवरीच्या घरी मोठा रोहू पाठवतात, त्याला लाल कापड नेसवतात, नाकात नथ घालतात. बाळाच्या पहिल्या भाताला मासा. आणि पोटुशी बाईच्या ताटात भात, पाच प्रकारची तळलेली भाजी, मासा घातलेली मुगाची डाळ, मोहरीतला मासा, खीर, आणि या सगळ्यांच्या वर माशाचं आख्खं डोकं, तळलेलं. तिने ते पाहायचं आणि मग खायचं. आख्खा मासा पाहिला म्हणजे बाळ आख्खं येतं, असं आमच्याकडे मानतात. इथे उलट, चांगला दिवस म्हणजे मासा नाही.

"नथ?" आपाला तेवढंच ऐकू आलं होतं. "मासोळीले नथ? अन् आमच्या पोरीले मिळत नाही!"

आईला फोन केला. तिने पंचांग बघून सांगितलं, गुरुवार, लक्ष्मीचा वार. मी खोलीत सांगितलं, गुरुवार. तिघींनी एकदम कानाला हात लावले. मी परत आईला म्हणाले, गुरुवारी इथे मासा कोणी आणणारही नाही. आई म्हणाली, चांगल्या वारी मासा नाही तर कधी खातात ती माणसं? मग तीच म्हणाली, बरं, बुधवार, बारा वाजायच्या आत. पण डोकं विसरू नको. मी दर फोनला "नाही विसरणार" म्हणायचे.

आणखी एक अडचण होती. जिचं साध तिने त्या दिवशी रांधायचं नसतं, दुसऱ्यांनी तिला भरवायचं. पण मलकापुरात दुसऱ्या कोणाला ते येत होतं?

"तू खुर्चीवर बस अन् हुकूम सोड," आपा म्हणाली. "माझ्या घरी करू. माझ्या चुलीले कोणाचा वार आडवा येत नाही."

काकू घरी जायला उठल्या. जाताना दारात थांबल्या. "खीर मी आणीन. बाहेर ओट्यावर बसीन. मी तुमच्या मासोळीकडे पाह्यणार नाही, पण हिच्याकडे पाह्यले तर काय होते?"

मासा आणायचं काम वडनेरवालीने स्वतःकडे ओढून घेतलं. "धरणाच्या मासोळीले चिखलाचा वास येते. आमच्या पूर्णेतली आणते. आमचे हे सकाळीच भोयाकडे जातीन, माही सासूबी लक्ष देईन. साफबीफ करून, हळद-मीठ लावून आणते. तुले हात लावा लागणार नाई." मी तिचे हात धरले. सगळं सांगितलं असं मला वाटलं. डोक्याचं तर मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. पण त्या वेळी ती नथीवर हसत होती, हे मला नंतर आठवलं.

बुधवारी मी आपाच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले. हिरवी साडी, केसात गजरा. आपा मोहरी वाटत होती आणि माझ्याशी भांडत होती.

"लसूण नाही? मंग वास कसा जाईन?"

"वास जायला नको आहे आपा."

"ऐका! वास राह्यला पाह्यजे म्हणते. अन् हे तेल? हे तर आम्ही लेकराच्या मालिशीले घेतो."

मी सांगितलं, मोहरीबरोबर मीठ आणि हिरवी मिरची वाटा, नाहीतर कडू होते. तिने वाटलं, चाखलं, डोळ्यांतून पाणी आलं. "या अल्ला. हे खाता तुम्ही लोक? शुद्धीवर असताना?" आणि मी पाठ वळवल्यावर तिने त्यात लसूण टाकलाच. मला वास आला.  बोलायचं की नाही, ते मला ठरवता आलं नाही.

वडनेरवाली घामाघूम होऊन आली. मोठा स्टीलचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि झाकण काढलं. हळद लावलेले गोल गोल तुकडे, एकसारखे, इतके स्वच्छ की कुणा पाहुण्यालासुद्धा काटा लागणार नाही. मी वरचे तुकडे बाजूला केले. खालचे केले. डब्याचा तळ दिसला.

"डोकं?" मी विचारलं.

"ते तं तिथंच काढाय लावलं," ती खुशीत म्हणाली. "सोता उभी राह्यली म्या. सासूनं बजावलं होतं, तोंड घरात आणायचं नाई. नदीतच सोडलं परत."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती सांगत गेली. माशाला पापण्या नसतात. मेला तरी त्याचा डोळा उघडा राहतो. पोटुशी बाईने तो डोळा पाहिला तर तिचं लेकरू झोपत नाही, उघड्या डोळ्यांनी टकटक बघत पडतं, अंग धरत नाही. तिच्या सासूने हे पाहिलेलं होतं, कोणाच्या तरी घरी. म्हणून सासूने पहाटे उठून मुलाबरोबर मुद्दाम सुनेलाही नदीवर पाठवलं, की भोयाने चुकून डोकं डब्यात टाकू नये. माझ्यासाठी. त्या बाईने मला कधी पाहिलेलंही नव्हतं.

मला रडू आलं. रागाचं नव्हतं, शपथ. पण मी रडत होते आणि बारा वाजायला आले होते.

"काऊन वं? काय झालं?" वडनेरवालीने माझा चेहरा धरला. मग मी सांगितलं, डोक्याचं पुन्हा, पहिल्यापासून. पहिल्या बाळाचं आणि आईने विचारलेल्या त्या प्रश्नाचंही. ते मी आधी कोणाला सांगितलं नव्हतं. वडनेरवालीचा चेहरा उतरला. ती डब्याचं झाकण हातात घेऊन तशीच उभी राहिली.

आपाने पदराला हात पुसले. "हातपाय काय गाळून बसल्या? बाजारात जाते, डोकं घेऊन येते. एका डोक्याची तर गोष्ट आहे."

तिने दाराकडे पाऊल टाकलं तोच वडनेरवालीने तिचा हात पकडला. "नको आपा. आणू नको. हिनं पाह्यलं अन् काही झालं, तं म्या काय करू? मले जन्मभर झोप लागन का?"

आपा थांबली. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मी सांगेन. मी काय सांगणार? डोकं आणलं आणि बाळाला काही झालं तर वडनेरवालीची सासू खरी. नाही आणलं आणि काही झालं तर आई खरी. दोघींनी माझंच भलं बघितलं होतं. एकीचं भलं दुसरीचं वाईट होतं, आणि मी दोन्हीला घाबरत होते. कुकरची शिट्टी झाली. कोणी गॅस कमी केला नाही.

ओट्यावरून काकूंचा आवाज आला. "कणीक आहे का वं घरात?"

त्या ओट्यावर पाठ फिरवून बसल्या होत्या, मांडीवर खिरीचं पातेलं. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"कणीक? पोळ्या तर झाल्या काकू," आपा म्हणाली.

"पोळ्या नाही. घट्ट मळून आण. पोळ्याच्या सणाले आपण मातीचा बैल पूजतो, तो काय नांगर ओढते? आण."

आपाने कणीक मळली. काकू आत आल्या, पण स्वयंपाकघरात नाही, पुढच्या खोलीत, कपडे कापायच्या टेबलापाशी. गोळा हातात घेतला आणि थांबल्या. "तोंड कसं असते त्याचं? मी कधी नीट पाह्यलं नाही."

मी शिवणाचा खडू घेतला आणि टेबलावर काढलं. गावची नदी सोडून इतकी वर्षं झाली, पण हात थांबला नाही. आपा म्हणाली, खालचा जबडा पुढे पाहिजे, रागावलेल्या सासऱ्यासारखा. काकूंनी जबडा पुढे ओढला. कल्ले आपाने कात्रीने कापले. वडनेरवाली लांब भिंतीला टेकून उभी होती. काकूंनी आपाने आणून दिलेल्या मसाल्याच्या डब्यातून दोन मिरे काढले आणि डोळ्यांच्या जागी टेकवले. वडनेरवालीने श्वास आत ओढला तो मला ऐकू आला. काकूंनाही आला असेल. त्यांनी मिरे परत काढले, आणि अंगठ्याच्या नखाने तिथे एक आडवी रेघ ओढली, दोन्ही बाजूंना.

"झोपली आहे," त्या म्हणाल्या. "आता तर चालते?"

वडनेरवालीने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही, पण ती जवळ आली.

माशाला पापण्याच नसतात, तो डोळे मिटू शकत नाही, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं, तिनेच तर सांगितलं होतं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

मोहरीच्या तेलात ते डोकं तळायला सोडलं तर त्याचा एक गाल टम्म फुगला. "अवं, दाढ दुखून राह्यली हिची!" आपा ओरडली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा वडनेरवाली हसली.

ताट वाढलं. कणकीचं डोकं वर ठेवलं. काकूंनी आधी खीर भरवली, स्वतःच्या हाताने, माशाकडे न बघता, माझ्या डोळ्यांत बघत. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मागे शेजारच्या बायका दाटीने बसल्या होत्या. मी फोन ताटावर धरला. आई चष्मा पुढे-मागे करत खूप वेळ बघत राहिली.

"हा मासा झोपलाय का?" तिने आमच्या भाषेत विचारलं.

मी एका दमात सगळं सांगितलं. नदी, सासू, डोळा, कणीक. मधून मधून आवाज तुटत होता, किती पोचलं ते माहीत नाही. आई स्क्रीनच्या आणखी जवळ आली. मग म्हणाली, "कोणी केलं हे?"

मी फोन काकूंकडे वळवला. काकूंनी डोक्यावर पदर घेतला आणि मराठीत, मोठ्याने, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "पोरगी जेवून राह्यली बरं का माय! काळजी करू नका!"

आईला एक शब्द कळला नसणार. तिने तोंडाजवळ हात नेला आणि उलू घातला, आमच्याकडच्या बायका शुभ कामात जीभ हलवून घालतात तो लांब आवाज. मागच्या सगळ्या बायकांनी घातला. फोनचा लहानसा भोंगा फाटायला आला. आपा दचकून मागे सरकली. वडनेरवाली म्हणाली, "ह्या रडून राह्यल्या की गाऊन राह्यल्या?" मी सांगायच्या आधीच फोन तुटला. परत लावला तर लागला नाही.

मला आईला विचारायचं होतं, हे चाललं का? हे धरलं जातं का? नंतरच्या फोनमध्ये कितीदा तोंडाशी आलं, पण विचारलं नाही. तीही त्या कणकीच्या डोक्याबद्दल कधी काही बोलली नाही.

मी ते कणकीचं डोकं आख्खं खाल्लं. मोहरीतला मासा खाल्ला, त्यात लसूण होता आणि कुणीतरी काळा मसालाही चिमूटभर टाकला होता. तो घरच्यासारखा होता का? मी जीभ घोळवून शोधत राहिले. एका घासाला वाटायचं, हो, हीच चव. दुसऱ्या घासाला वाटायचं, घरची चव मला आठवते तरी का? वडनेरवाली माझ्या प्रत्येक घासाकडे बघत होती. मी म्हणाले, अगदी तसाच झालाय. खरं बोलले की नाही, माहीत नाही. त्या क्षणी मला ते खरं वाटत होतं.

संध्याकाळी मी नेहमीसारखी पोथी वाचायला काकूंकडे गेले. त्या डोक्यावरून न्हालेल्या होत्या, केस ओले होते. पोथी माझ्या हातात दिली नाही. "आज तू वाचू नको. मासोळी खाऊन आली ना. बस तिकडं, ऐक." आणि त्यांनी स्वतः वाचली, रोजच्यापेक्षा जास्त, माझ्या पोटाकडे बघत बघत. मला वाईट वाटायला हवं होतं की बरं, ते मला तेव्हाही कळलं नाही.

मुलगी झाली. डोक्यापासून पायापर्यंत आख्खी, रडकी, धडधाकट. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, या वेळी गोळ्या वेळेवर घेतल्या. आई म्हणाली, साध झालं होतं ना. वडनेरवालीची सासू बघायला आली, मला पहिल्यांदाच भेटली, आणि बाळाला मांडीवर घेऊन म्हणाली, डोळा चुकवला म्हणून निभावलं. मी तिघींच्या पाया पडले, आईच्या फोनवरूनच. दवाखान्यातल्या बाईंनी पाय मागे ओढले.

एक गोष्ट मात्र आहे. मुलगी झोपली की तिच्या पापण्या पूर्ण मिटत नाहीत. खाली बारीक फट राहते आणि आतलं पांढरं दिसतं. दवाखान्यात विचारलं, म्हणाले, काही नाही, पुष्कळ मुलांचं असतं. वडनेरवालीने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तू नंतर कुठी पाह्यली तं नाई ना, डोळ्यावाली?" मी नाही म्हणाले. आणि मग विचार करत बसले, की बाजारातून जाताना भोयाच्या टोपलीकडे माझी नजर गेली असेल का.

तर परवा बुधवार ठरला. वडनेरवालीने माप घेता घेता टेप गळ्यात टाकला आणि विचारलं, "या टायमाले आख्खी आणू का? तोंडासकट?"

आपाचं मशिन थांबलं. माझी मुलगी बटणं सोडून उठली. "आई, मासोळीचे डोळे कसे असतात? मला दाखव ना."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. "आण," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. वडनेरवालीने मान हलवली आणि पुन्हा माप घ्यायला लागली. तिने मला दोनदा नाही विचारलं, आणि ती का विचारत नाही याचाच मी घरी येईपर्यंत विचार करत होते.

दुपारी मुलीला झोपवलं. पंख्याखाली ती उताणी पडली होती, पापण्यांच्या फटीतून पांढरं दिसत होतं. मी बोटाने हळूच त्या मिटायला गेले, काकूंनी नखाने रेघ ओढली होती तशा. पापणीला बोट टेकलं तशी ती झोपेतच हसली. मी बोट मागे घेतलं आणि तिला तशीच झोपू दिली.